छायाचित्रातला पांढरा रंग उपासमारीचा आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गृहसजावटीच्या पानावर समुद्री मत्स्यटाकीविषयी लेख आला आहे. लेख मी दोनदा वाचला आणि सोबतचं छायाचित्र चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून पाहिलं. निळ्या उजेडात पांढराशुभ्र, टोकांना जांभळी झाक असलेला कार्पेट ॲनिमोन आणि खाली ओळ : ‘दुर्मीळ पांढरा समुद्री गालिचा, दिवाणखान्याची शान’. त्या एका ओळीमुळे हे पत्र लिहायला बसले. पांढरा हा त्याचा रंग नव्हे. तो प्राणी उपाशी आहे.

कार्पेट ॲनिमोन, ज्याला शाळेच्या पुस्तकात समुद्रफूल म्हणतात त्याच कुळातला, हा फूल नाही, वनस्पतीही नाही. जेलीफिश आणि प्रवाळ यांचा तो नातेवाईक. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, उजेडावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा ॲनिमोनला देतं. त्याचा तपकिरी, मेंदीसारखा रंग बराचसा त्या शैवालाचाच असतो. पकडताना, पिशवीत बांधून आणताना, दुकानातल्या अपुऱ्या उजेडात किंवा पाणी तापल्यावर हे शैवाल निघून जातं. मागे उरतं ते पांढरं, अर्धवट पारदर्शक अंग. अशा अवस्थेत तो काही आठवडे, कधी काही महिने तग धरतो आणि रोज थोडाथोडा लहान होत जातो. असे पांढरे पडलेले ॲनिमोन रंगाच्या पाण्यात बुडवून पिवळे, निळे, गुलाबी करूनही विकले जातात. घेणाऱ्याला तो रंग आवडतो, म्हणून विकणारा तो लावतो.

हे मी कुठल्या अधिकाराने लिहिते आहे, ते सांगायला हवं. मी नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मोजमाप तपासणीच्या विभागात काम करते. दिवसभर मायक्रोमीटर आणि गेज यांचं कॅलिब्रेशन. इंदिरानगरच्या आमच्या घरात २०१८ पासून खाऱ्या पाण्याची टाकी आहे. आणि माझ्या हातून एक कार्पेट ॲनिमोन मेला आहे.

२०१८ च्या डिसेंबरातली गोष्ट. टाकी जेमतेम तीन महिन्यांची होती. एका दुकानात हिरवट-पांढरा ॲनिमोन दिसला. त्याचं तोंड, म्हणजे तबकडीच्या मधोमध असलेली फट, सैल उघडी होती. मी विचारलं तर दुकानदार म्हणाले, ‘ताई, भूक लागली की असंच करतो.’ मी विश्वास ठेवला. घरी आणल्यावर तो वाळूला धरेना. दोन दिवस पाण्याच्या झोताबरोबर नुसता कलंडत राहिला. तिसऱ्या दिवशी तोंडातून आतलं अस्तर बाहेर आलं. चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर खोलीभर कुजका वास. रात्रीत तो विरघळला होता. हातात घ्यायला गेले तर बोटांतून चिकट साय निसटावी तसा निसटला. त्याच्या कुजण्याने पाण्यात अमोनिया एवढा चढला की संध्याकाळपर्यंत टाकीतले दोन्ही क्लाउनफिश मासे गेले. सासूबाईंनी तुळशीजवळ खड्डा करायला सांगितला. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने विचारलं, ‘आई, तो किती वर्षांचा होता?’ मला उत्तर देता आलं नाही. विकत घेताना मी ते विचारलंच नव्हतं.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. वाचत गेले तेव्हा स्कॉटलंडमधल्या एका ॲनिमोनची हकिगत सापडली. जात वेगळी, थंड समुद्रातली. जॉन डॅलियल या निसर्गअभ्यासकाने १८२८ मध्ये किनाऱ्यावरून एक लहानसा ॲनिमोन आणून काचेच्या भांड्यात ठेवला. डॅलियल वारले, भांडं एकाकडून दुसऱ्याकडे गेलं, आणि तो ॲनिमोन १८८७ पर्यंत जगला. लोक त्याला ‘ग्रॅनी’ म्हणत. म्हणजे काचेच्या भांड्यात, कुणी नेमाने पाणी बदललं तर, साठीच्या घरात पोचणारा हा प्राणी. आणि माझ्या घरी चार दिवस.

लेखात म्हटलं आहे की ही टाकी ‘वीकेंडला तयार होते’ आणि ‘फारशी देखभाल लागत नाही’. नाशिकमध्ये बसून हे वाक्य कुणी खरं मानू नये, म्हणून इथला हिशेब मांडते.

आपण समुद्रापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर, घाट चढून, जवळपास सहाशे मीटर उंचीवर राहतो. समुद्राचं पाणी आपल्याला तयार करावं लागतं. नळाचं पाणी आरओ आणि त्यापुढच्या रेझिनमधून काढून, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्य आल्यावर त्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ. माझी टाकी साडेतीनशे लिटरची. पहिल्यांदा भरतानाच बारा किलोंच्या वर मीठ गेलं. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं तर सव्वा किलो मीठ लागतं. किचनमधलं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरंच काही असतं.

आणि उन्हाळा. एप्रिलमध्ये नाशिकची हवा इतकी कोरडी होते की माझ्या टाकीतून दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडून जातं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या, शुद्ध पाण्याचीच, आणि तीही रोज. दोन दिवस लग्नाला गेलं की खारटपणा वर सरकतो. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला असताना आत पाणी २५ ते २७ अंशांत ठेवायचं तर चिलर लावावा लागतो. उन्हाळ्यात वीजबिलात त्यामुळे दोन हजारांची भर पडते, ती मी दरवर्षी भरते. पुढे डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो, तेव्हा आमच्या घरातही पाणी गार पडतं आणि हीटर लागतो. एकाच टाकीला चिलर आणि हीटर दोन्ही. मुंबईत शिकलेली गणितं इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. लहानपणी वडील मण्याचा रस काचेवर टाकून, ते यंत्र उन्हाकडे धरून साखर बघायचे, ब्रिक्स किती आला ते सांगायचे आणि मगच काढणीला माणसं बोलवायचे. माझ्याकडे आहे ते त्याच जातीचं यंत्र, फक्त पट्टी मिठाची. अनेकजण ते साध्या पाण्याने शून्यावर जुळवतात आणि निर्धास्त होतात. शून्यावर बरोबर असलेलं यंत्र पस्तिसावर दोन अंकांनी चुकू शकतं. ते ३५ च्या प्रमाणित द्रावणानेच तपासावं. ज्या मापाजवळ काम करायचं, त्याच मापाजवळ उपकरण जुळवायचं, हे मी कारखान्यात रोज करते. तरी पहिल्या टाकीला मी ते केलं नव्हतं.

२०२० च्या फेब्रुवारीत, लॉकडाऊनच्या महिनाभर आधी, पुण्यातल्या एका गृहस्थांनी परगावी जायचं म्हणून टाकी मोडली. त्यांच्याकडचा हिरवा कार्पेट ॲनिमोन मी आणला. शास्त्रीय नाव स्टिकोडॅक्टिला हॅडोनी, वाळूत राहणारी जात. थर्माकोलच्या खोक्यात दुहेरी पिशवी, मांडीवर खोकं, आणि एसटीने साडेपाच तास. त्यांनी देण्याआधी मला तीन वेळा फोन केला. वाळू किती खोल आहे, पंपाला जाळी आहे का, टाकी किती जुनी आहे. तोवर माझी टाकी सतरा महिन्यांची झाली होती. तरीही त्यांनी टाकीचा व्हिडिओ मागितला. विकणाऱ्या प्रत्येकाने असं विचारलं तर निम्मे ॲनिमोन वाचतील.

सोडताना टाकीतले पंप बंद केले आणि तो वाळूवर अलगद ठेवला. तासाभराने पाय, म्हणजे खालची चकती, वाळूत शिरू लागला आणि रात्री तळाच्या काचेला चिकटला. खालून टॉर्च लावून पाहिलं तर काचेवर केशरी गोल उमटलेला दिसला. तेव्हा बशीएवढा होता, आता परातीएवढा आहे. जवळून पाहिलं तर तो गालिचा म्हणजे हजारो आखूड, गोल टोकांचे शुंडक, दाट रोवलेले. प्रत्येकात दंशपेशी. एकदा हातमोजा फाटलेला होता आणि करंगळीची कड त्याला लागली. चिकटपट्टीसारखी धरली गेली. ओढून सोडवली तेव्हा त्याचे शुंडक कातडीवर तुटून राहिले आणि दोन दिवस बोट लाल, खाजरं होतं. तेव्हापासून धड हातमोज्याशिवाय मी पाण्यात हात घालत नाही. काही जणांना याची जबर ॲलर्जीही होऊ शकते. घरात लहान मूल असेल तर टाकीला झाकण हवंच.

आठवड्यातून एक-दोनदा त्याला कोळंबी देते. कच्ची, धुतलेली, अंगठ्याच्या नखाएवढी. चिमट्याने ठेवली की तिथला भाग आधी थरथरतो, मग कडा आत वळतात, आणि पाच मिनिटांत सगळी तबकडी मूठ आवळल्यासारखी मिटते. मोठा तुकडा दिला तर रात्री ओकून टाकतो आणि सकाळी पाणी बिघडलेलं असतं. हौसेने जास्त भरवणाऱ्यांकडूनही हे प्राणी जातात. आणि तो मासे खातो, हे लेखात कुठेही नाही. माझा एक गोबी, वाळूत बिळं करणारा लहान मासा, रात्री घाबरून उसळला आणि याच्यावर पडला. सुटला नाही. ‘रंगीबेरंगी माशांसोबत शोभून दिसतो’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे.

क्लाउनफिशबद्दलही एक दुरुस्ती. सगळे क्लाउनफिश सगळ्या ॲनिमोनांत राहत नाहीत. मुलांना आवडणारा नारिंगी-पांढरा ऑसेलारिस समुद्रात हॅडोनीत राहत नाही. त्याची घरं वेगळी. हॅडोनीत राहतात ते सेबे, क्लार्की असे. टाकीत ऑसेलारिस कधी याच्याशी जुळवून घेतो, कधी जन्मभर पंपाच्या कोपऱ्यात राहतो. आणि क्लाउनफिशला जगायला टाकीत ॲनिमोन लागतोच असंही नाही. दुसरा कुणी त्याला खाणारा नसेल तर तो एखाद्या मऊ प्रवाळात किंवा मातीच्या कुंडीतही सुखाने राहतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे क्लाउनफिशचं प्रजनन यशस्वी करून दाखवलं आहे, हॅचरीतले मासे मिळतात. ज्यांना ही हौस सुरू करायची आहे त्यांनी तिथून सुरू करावी. ॲनिमोनच हवा असेल तर बबल टिप ही जात टाकीत स्वतः दुभंगून एकाचे दोन होते, ओळखीच्या हौशी माणसाकडून पिल्लू मिळू शकतं. कार्पेटचं तसं नाही. घरच्या टाकीत तो सहसा दुभंगत नाही, पिल्लं होणं तर फारच दुर्मीळ. दुकानात दिसणारा जवळजवळ प्रत्येक कार्पेट समुद्रातून उपटलेला असतो, आणि उपटताना पाय फाटला तर तो तिथेच संपलेला असतो. आपल्याला ते पंधरा दिवसांनी कळतं.

२०२२ च्या हिवाळ्यात मी मुलीला घेऊन जामनगरजवळच्या नराऱ्याला गेले. कच्छच्या आखातातलं हे सागरी राष्ट्रीय उद्यान, देशातलं पहिलं. ओहोटीला समुद्र एवढा मागे जातो की तळावरून चालत फिरता येतं. गढूळ, घोट्याएवढं पाणी, पायाखाली चिखल आणि प्रवाळाचे तुकडे. वाटाड्या थांबला आणि काठीने न टोचता नुसतं बोट दाखवलं. वाळूत एक तपकिरी-हिरवी झालर पसरलेली. मधे तोंडाची घट्ट मिटलेली फट. कडेवर एक काचेसारखी पारदर्शक कोळंबी, अंगावर पांढरे ठिपके, आरामात चालत होती. मुलीची सावली पडली तशी ती शुंडकांत दडली. आम्ही तिथे वीस मिनिटं उकिडवे बसलो. मुलगी म्हणाली, ‘आपल्याकडच्याला कोळंबी नाहीये.’ घरी टाकीत सगळी मापं बरोबर ठेवूनही ते मला जमलेलं नाही.

लेखातल्या आणखी एका वाक्याबद्दल कळकळीने लिहिते. ‘सोबत जिवंत प्रवाळही ठेवता येतात’ असं सहज म्हटलं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं आहेत, म्हणजे ज्या यादीत वाघ आहे त्याच यादीत. मालवणहून आणून शोकेसमध्ये ठेवलेला वाळका तुकडाही त्यात येतो. पुरवणी वाचून कुणी सरळमार्गी माणूस दुकानातून कठीण प्रवाळ घेऊन आला तर तो स्वतःला आणि समुद्राला, दोघांनाही अडचणीत आणेल. माझ्या टाकीतले खडक सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचे आहेत. भावाच्या मळ्यातल्या हौदात दोन महिने भिजत ठेवून, पाणी बदलून बदलून त्यांचा चुना काढला. आता त्यांच्यावर जांभळं शेवाळ चढलं आहे आणि पाहुण्यांना ते समुद्रातले वाटतात.

अलीकडे आजारी ॲनिमोनला सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे माणसांचं प्रतिजैविक देण्याची पद्धत हौशी मंडळींत आली आहे. काहींचे ॲनिमोन त्यामुळे वाचलेही आहेत. पण चिठ्ठीशिवाय औषध आणायचं आणि रोज बदललेलं ते पाणी मोरीत ओतायचं, हे मला पटत नाही. मोरीतलं पाणी गोदावरीकडे जातं. माणसांच्या औषधाला न जुमानणारे जंतू नदीत तयार होण्यात आपल्या हौसेचा हातभार नको. मुळात निरोगी प्राणी निवडला तर ही वेळ येत नाही. तोंड घट्ट मिटलेलं, पाय अखंड, बोट जवळ नेताच चिकटायला येणारा, तपकिरी किंवा हिरवा. दुकानात तो निदान दोन आठवडे राहिलेला असावा आणि आपल्यासमोर त्याने खाऊन दाखवावं. दुकानदार तयार नसेल तर रिकाम्या हाताने परत यावं.

वीज हा शेवटचा मुद्दा. गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात आमच्या गल्लीतलं गुलमोहराचं झाड तारांवर पडलं आणि अकरा तास वीज नव्हती. इन्व्हर्टरवर फक्त एक पंप ठेवला. इन्व्हर्टर रात्री दोनला बसला, मग बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. पाणी ३० अंशांवर गेलं. शेजारच्या काकूंच्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या एकेक करून टाकीत सोडल्या, एक वितळली की दुसरी. सासूबाई पंख्याऐवजी पुठ्ठ्याने पाण्यावर वारा घालत होत्या. पहाटे चारला ॲनिमोन मुठीएवढा आकसला होता आणि तोंड किंचित सैल पडलं होतं. मी सहा वर्षांपूर्वीचा तो वास आठवत बसले होते. सकाळी नऊला वीज आली, आणि दुपारी तीनच्या सुमाराला एका बाजूची झालर उलगडली. त्या दिवशी मी कामावर गेले नाही.

संपादक महोदय, आपल्या अंकाबद्दल राग नाही. आमच्या घरी हा पेपर सासऱ्यांच्या वेळेपासून येतो. पण घराघरांत सुटीचे दिवस सुरू होत आहेत, मुलं हट्ट धरतील आणि लोक ते पान कापून दुकानात घेऊन जातील. त्या छायाचित्राखालची ओळ येत्या अंकात दुरुस्त करावी आणि कठीण प्रवाळाविषयीचा कायदा दोन ओळींत छापावा, एवढी विनंती.

आणि एक. ते छायाचित्र आपल्या छायाचित्रकारांनी नाशिकमध्येच काढलं असेल, तर तो ॲनिमोन कुठे आहे हे त्यांना ठाऊक असेल. तो मी विकत घेणार नाही, कारण एक विकला की त्या जागी दुसरा आणला जातो. पण ठेवणाऱ्यांची तयारी असेल तर मी तो सांभाळायला घेऊन जाईन आणि सुधारला की परत आणून देईन. माझ्याकडे साठ लिटरची वेगळी टाकी चालू स्थितीत आहे, दिवा आधी मंद ठेवून हळूहळू वाढवता येतो, आणि कोळंबीचे बारीक तुकडे फ्रीजरमध्ये आहेत. रंग परत यायला काही महिने लागतील. निरोप मिळाला तर रविवारी सकाळी बादली आणि खोकं घेऊन येते.

आपली नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक
(नाव छापू नये ही विनंती)